पहिलाच म्युझिक प्लेयर घेतला आहे. फोन असताना वेगळा प्लेयर वापरणारे आहेत का इथे?

मंद्रसप्तक

आजवर गाणी फोनवरच ऐकली. आता पहिल्यांदाच फक्त गाणी वाजवणारं वेगळं यंत्र घेतलंय. तळहातात मावतं, छोटासा स्क्रीन, कडेला खरीखुरी बटणं, मायक्रोएसडी कार्डासाठी खाच आणि ३.५ मिमीचा जॅक. इंटरनेट नाही, कॉल नाहीत, नोटिफिकेशन नाहीत. मला नेमकं हेच हवं होतं. फोनवर गाणं लावलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणाचा तरी मेसेज येतोच, आणि तो बघेपर्यंत गाणं संपलेलं असतं. या प्लेयरवर अख्खे अल्बम सलग ऐकून होतायत. पाठ असलेल्या गाण्यांतसुद्धा मागचं कोरस, बेसची चाल असं काहीबाही नव्याने कानावर पडतंय. हा आवाजातला फरक की लक्ष देऊन ऐकण्याचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ऐकायला फार आवडतंय, हे मात्र नक्की.

आता अडचणी. अल्बममधली गाणी भलत्याच क्रमाने वाजतात. अनेक गायक असलेला एकच अल्बम यादीत सात-आठ तुकड्यांत दिसतो. मराठी नावांच्या जागी कधी चौकोन येतात, तर कधी अक्षरं येतात पण वेलांट्या भलतीकडे. आणि मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये आवाज क्षणभर तुटतो.

शिवाय मूळ प्रश्न आहेच. फोन खिशात असताना हे दुसरं यंत्र सांभाळणं तुम्हाला टिकवता आलं का? की काही महिन्यांत ते कपाटात गेलं?

निळीशाई

अभिनंदन! वाचतेय. मलाही घ्यायचाय, त्यामुळे जाणकारांनी सविस्तर लिहा.

कानसेन

क्रमापासून सुरुवात करतो. साधे प्लेयर बरेचदा फोल्डरमधल्या फाइली नावाप्रमाणे लावतच नाहीत. कार्ड फॅट३२ प्रकारचं (ही कार्डावर फाइली मांडण्याची एक पद्धत) असेल तर फाइली ज्या क्रमाने त्यावर पडल्या त्याच क्रमाने वाजतात. जे प्लेयर नावाप्रमाणे लावतात त्यांतलेही काही १ नंतर १० घेतात, मग ११, आणि २ चा नंबर फार उशिरा लागतो. म्हणून नावाच्या सुरुवातीला कायम ०१, ०२ असे दोन आकडे ठेवायचे. तरीही ऐकत नसेल तर फॅटसॉर्टसारखी छोटी प्रोग्रॅम मिळतात, ती कार्डावरच्या नोंदीच क्रमाने लावून देतात.

अल्बमचे तुकडे होतात ते टॅगमुळे. प्रत्येक एमपी३ फाइलच्या पोटात गाण्याचं नाव, गायक, अल्बम, ट्रॅक क्रमांक असं सगळं लिहिलेलं असतं. प्लेयरची यादी त्यावरून बनते, फाइलच्या नावावरून नाही. टॅगमध्ये 'आर्टिस्ट' आणि 'अल्बम आर्टिस्ट' असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात ज्या त्या गाण्याचा गायक लिहा, दुसऱ्यात सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या, मग तो संगीतकार असो की 'विविध कलाकार'. तुमचा प्लेयर दुसरा रकाना वाचत असेल तर तुकडे लगेच जुळतील. संगणकावर एमपी३टॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा. शेकडो फाइलींचे टॅग एका झटक्यात बदलता येतात.

आरोह_अवरोह

+१. आणि टॅग बदलून झाले की प्लेयरमध्ये 'अपडेट डेटाबेस' किंवा तशा अर्थाचा पर्याय शोधून चालवा. तोवर जुनीच यादी दिसत राहते आणि माणूस उगाच वैतागतो.

तळटीप

देवनागरीचं मी सांगते, या विषयावर माझा जीव आहे.

चौकोन दिसतात तेव्हा प्लेयरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसतो, किंवा टॅग चुकीच्या पद्धतीने साठवलेला असतो. आयडी३ म्हणजे एमपी३ मधल्या टॅगची ठरलेली पद्धत. तिची पहिली आवृत्ती फाइलच्या शेवटी अवघ्या १२८ बाइटमध्ये बसवलेली होती. गाण्याच्या नावाला ३० बाइट, आणि युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याच्या प्रमाण पद्धतीचा, पत्ताच नाही. त्यात देवनागरी धड लिहिता येत नाही. दुसऱ्या आवृत्तीपासून सोय झाली. २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालतं, २.४ मध्ये यूटीएफ-८ सुद्धा (दोन्ही युनिकोड साठवण्याचे प्रकार). जुन्या-नव्या बहुतेक प्लेयरना २.३ आणि यूटीएफ-१६ ही जोडी पचते, म्हणून मी सगळीकडे तीच ठेवते. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये ती एकदा निवडली की झालं.

वेलांटीचा प्रकार वेगळा आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' येतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर ती 'क'च्या अलीकडे सरकवायची, 'क्ष', 'त्र', 'स्त' अशी जोडाक्षरं जुळवायची, हे काम प्लेयरच्या सॉफ्टवेअरचं असतं. अँड्रॉइडवर चालणारे प्लेयर ते नीट करतात. लहान, स्वतःची साधी प्रणाली असलेले प्लेयर पुष्कळदा अक्षरं एकापुढे एक ठेवून मोकळे होतात. मग पाय मोडलेली जोडाक्षरं दिसतात. यावर फाइलच्या बाजूने काही उपाय नाही, कंपनीने फर्मवेअर, म्हणजे प्लेयरमधलं मूळ सॉफ्टवेअर, सुधारलं तरच.

शफलबंद

मग सरळ रोमन लिपीत नावं लिहा की! लहान स्क्रीनवर तसंही पूर्ण नाव दिसत नाही.

तळटीप

@शफलबंद, मला ते मान्य नाही. गाणं मराठी, गायिका मराठी, ऐकणारी मराठी, आणि नाव तेवढं रोमन? शिवाय रोमनमध्ये एकच नाव प्रत्येक जण वेगळं लिहितो. एकदा दोन 'ए', एकदा एक. मग एकच गायिका यादीत तीनदा. माझा मुख्य संग्रह संगणकावर पूर्ण देवनागरीत आहे. प्लेयरला जमत नसेल तर त्याच्यापुरती रोमन टॅगची वेगळी प्रत करते, मूळ संग्रहाला हात लावत नाही. उद्या चांगला प्लेयर आला की मूळ फाइली तयार असतात.

शफलबंद

वेगळी प्रत करायची कल्पना चांगली आहे. घेतो.

ओहमचा_नियम

धागाकर्तीच्या 'आवाजातला फरक की लक्ष देण्याचा' या वाक्याबद्दल लिहितो, कारण बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच घातला जातो.

सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. दोन चॅनेल धरून १४११ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) होतात. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी घेते, ३२० केबीपीएसची २.४ एमबी. फ्लॅक या फाइल प्रकारात काहीही फेकून दिलं जात नाही, सीडीवरचा बिट न् बिट परत मिळतो आणि तरी जागा पुष्कळ वाचते. चांगल्या एनकोडरने (एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) केलेली ३२० ची एमपी३ आणि फ्लॅक यांतला फरक बहुतेकांना नावं झाकून ऐकवल्यावर सांगता येत नाही. तेव्हा प्लेयरच्या खोक्यावर १९२ किलोहर्ट्झ, ३२ बिट असे आकडे बघून हुरळू नका.

दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हीचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणावा लागतो. जरासं मोठ्याने वाजणारं यंत्र कानाला नेहमीच 'जास्त स्पष्ट', 'जास्त भरीव' वाटतं. वेगळ्या प्लेयरचा आउटपुट अनेकदा फोनपेक्षा जोरकस असतो, त्यामुळे तुम्हाला दिसणाऱ्या फरकात याचा वाटा असू शकतो.

कानसेन

@ओहमचा_नियम, सरसकट असं नाही. हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा ध्वनी, ओळखणारे लोक असतात. २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासले, त्यात ओळखण्याचं प्रमाण निव्वळ अंदाजापेक्षा जास्त निघालं. प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांमध्ये तर आणखी जास्त.

ओहमचा_नियम

तो अभ्यास वाचलेला आहे. सगळ्या श्रोत्यांची सरासरी सुमारे ५२ टक्के आली होती आणि निव्वळ अंदाजाने ५० येतात. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक खरा आहे, पण केवढासा! त्याआधी २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझ ध्वनी मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवला होता. ५५४ वेळा विचारल्यावर २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नाणेफेकच. नवीन माणसाने पैसे आणि डोकं कुठे लावावं, एवढाच माझा मुद्दा आहे. माझं उत्तर: आधी हेडफोन, मग मूळ रेकॉर्डिंगचा दर्जा, आणि प्लेयर त्यानंतर.

कानसेन

हेडफोन आधी, हे शंभर टक्के मान्य.

रातराणी

जड चर्चेत एक साधा प्रश्न. माझे इयरफोन लावले की गाणं सुरू नसतानाही बारीक 'स्स्स' ऐकू येतं. प्लेयर बिघडलाय का?

ओहमचा_नियम

बहुधा नाही. कानात खोल बसणारे काही इयरफोन फार संवेदनशील असतात, ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखरसुद्धा ते ऐकवतात. 'गेन' हा पर्याय असेल तर 'लो'वर ठेवा. तुमचे इयरफोन सोळा-वीस ओहमचे असतील तर प्लेयरचा आउटपुट इम्पीडन्सही (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अडथळा) बघा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमपर्यंत चालेल. त्याहून जास्त असला की काही इयरफोनचा स्वरच बदलतो, कधी बेस फुगतो, कधी वरची पट्टी बोथट होते. उलट ३०० ओहमचे मोठे हेडफोन छोट्या प्लेयरला लावले तर व्होल्टेज पुरत नाही, आवाज पूर्ण वाढवूनही जीव नसल्यासारखं वाजतं.

रातराणी

लो गेन केला, 'स्स्स' जवळजवळ गेलं. ओहमचा_नियम, तुम्हाला या धाग्याचे अधिकृत दुरुस्तीकार घोषित करावं असा प्रस्ताव मांडते.

आरोह_अवरोह

प्रस्तावाला अनुमोदन :)

जुनी_कॅसेट

थोडं अवांतर, पण या धाग्यावर शोभेल. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ ला आला. त्यात रेकॉर्डिंगची सोय नव्हती, स्पीकर नव्हता. फक्त ऐकायचं, तेही हेडफोनने. 'रेकॉर्ड न करणारं यंत्र कोण घेईल?' अशी शंका तेव्हा व्यक्त झाली होती. आज इंटरनेट नसलेला प्लेयर दाखवला की लोक अगदी तसंच विचारतात.

मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याला हेडफोनचे दोन जॅक होते. दोघांनी मिळून ऐकायचं. आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या मॉडेलांत हे बटण गेलं. माझ्या मते फार मोलाची गोष्ट गेली.

निळीशाई

दोन जॅक! हे माहीत नव्हतं. आज कुणी असा प्लेयर काढला तर मी पहिल्या दिवशी घेईन.

जुनी_कॅसेट

पुढचंही लिहितो मग. १९९८ मध्ये कोरियातून एमपीमॅन आला, एमपी३ वाजवणाऱ्या पहिल्या खिशातल्या प्लेयरपैकी एक. त्याची ३२ एमबीची आवृत्ती होती. वर दिलेल्या हिशेबाने १२८ केबीपीएसची अर्ध्या तासाची गाणी! त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ आला आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना थेट कोर्टात गेली. १९९९ मध्ये अपील कोर्टाने रिओच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे असलेलं संगीत आपल्याच दुसऱ्या यंत्रावर नेऊन ऐकणं हा वैयक्तिक वापर आहे, असं त्यात म्हटलं गेलं. त्या निकालामुळे पुढच्या प्लेयरचा रस्ता मोकळा झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड आला तो ५ जीबीची हार्ड डिस्क घेऊन, आणि मे २०२२ मध्ये ॲपलने शेवटचा आयपॉडही बंद केल्याचं जाहीर केलं.

शफलबंद

मूळ प्रश्नाकडे येतो. माझा प्लेयर टिकला, आणि मी त्यात गाणी *कमी* ठेवतो म्हणूनच टिकला. मोठं कार्ड घालून संग्रहातलं सगळं कोंबलं की पुन्हा फोनसारखंच होतं, अंगठा याद्या सरकवत राहतो आणि ऐकणं बाजूला राहतं. मी मोजके अल्बम भरतो. ते पुरेसे ऐकून झाले की काढतो, दुसरे भरतो. काय भरायचं ते संगणकासमोर बसून सावकाश ठरवतो. त्यामुळे बाहेर पडल्यावर निवडीचा प्रश्नच उरत नाही. शफल कधीच लावत नाही, नावावरून कळलंच असेल.

आरोह_अवरोह

माझा अनुभव बरोबर उलटा. अख्खा संग्रह सोबत असणं हेच माझ्यासाठी सुख आहे. कुठल्या तरी वळणावर विसरलेलं गाणं अचानक आठवतं आणि ते तिथल्या तिथे लावता येतं, नेटवर्क असो नसो. शिवाय शफलवर असं काही समोर येतं, जे मी स्वतःहून कधीच निवडलं नसतं. गाणी कमी ठेवली असती तर मी प्लेयर घेतलाच नसता.

मोठं कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सूचना. नकली कार्डं खूप असतात. वर लिहिलेली क्षमता खोटी असते, आणि खरी क्षमता भरली की पुढच्या फाइली गुपचूप खराब होतात. नवीन कार्ड आल्या आल्या एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ ने पूर्ण तपासा, मगच गाणी भरा. आणि ६४ जीबी व त्यावरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, काही जुन्या प्लेयरना ती वाचता येत नाहीत. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केली की बहुधा चालतात.

निळीशाई

शफलबंद आणि आरोह_अवरोह, तुम्ही दोघांनी एक दिवस प्लेयर बदलून बघा!

शफलबंद

तयार आहे, पण त्यांच्या प्लेयरवर मी पहिला अल्बम निवडेपर्यंत दिवस संपेल.

तळटीप

आवाजाच्या पातळीबद्दल कुणीच बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला जेमतेम ५. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलला ४० तास. कानाची गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून पहिला प्लेयर घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की 'मॅक्स व्हॉल्यूम'चा पर्याय शोधा आणि घरातल्या शांततेत बरी वाटेल तिथे मर्यादा लावून टाका. गोंगाटात आवाज वाढवायचा मोह होतो. त्यापेक्षा कानात नीट बसणारी रबरी टोकं वापरा. बाहेरचा आवाज अडला की कमी पातळीवरही सगळं ऐकू येतं.

रातराणी

हे फार गरजेचं होतं. माझ्या प्लेयरमध्ये मर्यादेचा पर्याय सापडला, लावला.

ओहमचा_नियम

बॅटरीचंही याच निमित्ताने. प्लेयर कपाटात गेलाच, तर पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज असताना बंद करून ठेवा, आणि काही महिन्यांनी एकदा बघा. लिथियम बॅटरीला दोन्ही टोकं मानवत नाहीत, उष्णता तर अजिबात नाही. पाठ फुगलेली दिसली की चार्जिंग तिथेच थांबवायचं, दाबून बघायचं नाही.

मंद्रसप्तक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कानसेन, अल्बम आर्टिस्टचा रकाना भरला आणि सगळे तुकडे एकत्र आले. क्रमही लागला. तळटीप, २.३ आणि यूटीएफ-१६ केल्यावर चौकोन गेले. वेलांट्या अजून भलतीकडेच आहेत, म्हणजे माझ्या प्लेयरला ते जमत नाही. तरी मी देवनागरीच ठेवणार आहे. मोडकं दिसलं तरी माझ्या लिपीत दिसतंय.

मोजके अल्बम की अख्खा संग्रह, यात मी शफलबंदच्या बाजूला झुकतेय. काय भरायचं ते ठरवताना जुन्या अल्बमांकडे नव्याने बघणं होतं, तो भाग मला ऐकण्याइतकाच आवडायला लागलाय. फोनचं म्हणाल तर गाण्यांसाठी तो आता उघडत नाही.

एवढा एक प्रश्न राहिला. मैफलीच्या दोन ट्रॅकमधला तो तुटका क्षण कशाने जाईल? फाइली एमपी३ आहेत. त्या फ्लॅकमध्ये बदलल्या तर?

कानसेन

आहेत त्या एमपी३ तशाच फ्लॅकमध्ये बदलून भागेलच असं नाही, उलट तो तुटका क्षण कायमचा पक्का होऊ शकतो. एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या ठराविक चौकटींत भरला जातो, म्हणजे एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. शेवटची चौकट भरायला आणि सुरुवातीला एनकोडरच्या कामासाठी थोडी शांतता आपोआप जोडली जाते. लेमसारखे एनकोडर किती शांतता जोडली त्याची नोंद फाइलमध्ये ठेवतात. प्लेयरने ती वाचली तर तेवढा भाग कापून सलग वाजवतो. म्हणून आधी सेटिंगमध्ये 'गॅपलेस' (ट्रॅक सलग वाजवण्याचा पर्याय) आहे का बघा. आणि 'क्रॉसफेड' चालू असेल तर बंद करा, ते वेगळंच काम करतं, एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतं.

गॅपलेस चालू करूनही तुटत असेल तर मूळ सीडी हाताशी आहे का? तिच्यावरून थेट फ्लॅक करा. फ्लॅकमध्ये ही जोडलेली शांतता नसतेच. सीडी नसेल तर एमपी३डायरेक्टकटसारख्या साधनाने सलग वाजणारे ट्रॅक एकाच लांब फाइलमध्ये जोडा. सांध्यावर बारीकसा खटका राहू शकतो, पण प्लेयर दोन फाइलींच्या मध्ये थांबतो ते थांबणं तरी जाईल. मैफलीच्या रेकॉर्डिंगसाठी मी तसंच करतो, तशीही ती मधूनच कुणी ऐकत नाही.

मंद्रसप्तक

गॅपलेस सेटिंग मेनूत तिसऱ्या पानावर होतं, बंद होतं. चालू केलं. टाळ्या सलग ऐकू येतायत!

जुनी_कॅसेट

वा! आता कुठल्या मैफली भरल्यात त्याचा नवीन धागा काढा.